रिचर्ड फिट्झनील : हिशेबाच्या टेबलावरचा न्यायाधीश

रिचर्ड फिट्झनील पस्तीसहून अधिक वर्षं इंग्लंडच्या राजाचा खजिनदार होता. याच काळात तो राजाच्या न्यायालयात बसायचा, परगण्यांतून फिरून खटले चालवायचा आणि आयुष्याची शेवटची नऊ वर्षं लंडनचा बिशपही होता. त्याच्याबद्दलच्या छोट्या नोंदींत ही पदं ओळीनं मांडलेली असतात. वाचणाऱ्याला वाटतं, एका हुशार माणसानं निरनिराळी कामं सांभाळली. खरं तर ते सगळं एकच काम होतं. त्याच्या कचेरीत हिशेब घेणं म्हणजेच निवाडा करणं होतं, आणि हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे : एक्स्चेकरची, म्हणजे राजाच्या हिशेबाच्या कचेरीची, वरची विद्या आकडेमोडीत नाही, नाना तऱ्हेच्या निवाड्यांत आहे.

कोल्हापुरात मोडी दफ्तरं वाचणारे बरेच लोक आहेत. जमा, खर्च, वसूल, बाकी, वजावाट हे शब्द त्यांना पाठ असतात. या मंडळींनी फिट्झनील वाचावा असं मला मनापासून वाटतं. बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांकडे आपण आदरानं पाहतो, कारण राज्याचा कारभार प्रत्यक्ष केलेल्या माणसानं तो कसा करावा हे आज्ञापत्रात सांगितलं. फिट्झनीलनं तेच काम सव्वापाचशे वर्षांहून अधिक आधी केलं, पण फार बारकाईनं आणि एकाच कचेरीपुरतं. त्याच्या ग्रंथाचं नाव ‘एक्स्चेकरविषयी संवाद’. दुसऱ्या हेन्रीच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे ११७६-७७ मध्ये, थेम्सकाठच्या एका बुरुजाच्या खिडकीत गुरू बसलेला असताना शिष्य त्याला म्हणतो, तुम्हाला हे सगळं येतं, मग लिहून का ठेवत नाही? तिथून ग्रंथ सुरू होतो.

घरात चालत आलेलं खातं

पहिल्या हेन्रीचा मुख्य कारभारी रॉजर हा सॉल्झबरीचा बिशप होता. त्याचा पुतण्या नायजेल राजाचा खजिनदार झाला आणि ११३३ मध्ये ईलीचा बिशप झाला. रिचर्ड या नायजेलचा मुलगा. जन्म ११३० च्या आसपास, शिक्षण ईलीच्या मठात. ११३९ मध्ये राजा स्टीफननं रॉजरला अटक केली. नायजेल निसटला, पण घराण्याची सत्ता गेली. रॉजर त्याच वर्षाच्या डिसेंबरात वारला. पुढच्या यादवीत राजाची वसुली आणि हिशेबाची घडी पार विस्कटली.

११५४ मध्ये दुसरा हेन्री गादीवर आला, तेव्हा जुनी पद्धत हातानं केलेला माणूस म्हणून त्यानं नायजेललाच परत बोलावलं. एक्स्चेकरच्या वार्षिक हिशेबाच्या गुंडाळ्यांना पाइप रोल म्हणतात. आज त्यातला सर्वांत जुना ११२९-३० सालचा आहे. त्यानंतर मोठा खंड पडतो आणि ११५५-५६ पासून मालिका जवळपास अखंड मिळते. मधल्या काळात किती मोडतोड झाली असेल, ते या खंडावरूनच कळतं.

फ्रान्समधल्या तुलूझच्या मोहिमेसाठी हेन्रीला पैसा हवा होता. तेव्हा नायजेलनं ४०० पौंड भरून मुलासाठी खजिनदारी मिळवली, असं ईलीच्या मठाची बखर सांगते. आजच्या नजरेला ही उघड खरेदी दिसते. त्या काळी पदं अशीच मिळत, आणि या खरेदीत राजाचा तोटा झाला नाही. रिचर्ड ईलीचा आर्चडीकन झाला, ११८४ च्या सुमारास लिंकनचा डीन; ही दोन्ही चर्चमधली वरची पदं. ११८६ मध्ये लिंकनच्या बिशपपदासाठी तिथल्या कॅनन मंडळींनी, म्हणजे मुख्य चर्चच्या धर्मगुरूंनी, सुचवलेल्या नावांत त्याचंही नाव होतं. हेन्रीनं ती सगळी नावं फेटाळली.

टेबल

एक्स्चेकर म्हणजे मुळात एक टेबल. लांबी सुमारे १० फूट, रुंदी ५ फूट, आणि वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून भोवती चार बोटं उंचीची कड. त्यावर दर ईस्टरला नवं काळं कापड अंथरत. कापडावर पट्टे असत, एकमेकांपासून फूटभर किंवा वीतभर अंतरावर. त्या रकान्यांत नाणी मांडून हिशेब चाले. उजवीकडून पहिला रकाना पेनीचा, दुसरा शिलिंगचा, तिसरा पौंडाचा, चौथा वीस-वीस पौंडांचा, मग शंभरचा, हजारचा, दहा हजारांचा. १२ पेनींचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड. पेनीच्या रकान्यात ११ पेक्षा जास्त नाणी कधी राहत नाहीत आणि शिलिंगच्या रकान्यात १९ पेक्षा जास्त नाहीत. १० शिलिंगांच्या जागी एक चांदीचं आणि १० पौंडांच्या जागी एक सोन्याचं नाणं ठेवण्याची सोय होती, म्हणजे ढीग साचत नसे.

समजण्यासाठी एक आकडा घेऊ. शेरीफकडून, म्हणजे परगण्यावरच्या राजाच्या अधिकाऱ्याकडून, येणं आहे २४६ पौंड, ११ शिलिंग, ४ पेनी. शंभरच्या रकान्यात २ नाणी, विसाच्या रकान्यात २, पौंडात ६, शिलिंगात ११, पेनीत ४. त्यानं ईस्टरला १२० पौंड भरले असतील, तर येण्याच्या ओळीखाली शंभरच्या रकान्यात १ आणि विसाच्या रकान्यात १. वरच्या ओळीतून तेवढी नाणी उचलली की बाकी समोर दिसते : १२६ पौंड, ११ शिलिंग, ४ पेनी. त्या कचेरीत आकडे रोमन पद्धतीनं लिहीत. रोमन आकड्यांत शून्य नाही आणि कागदावर वजाबाकी करणं म्हणजे मोठी डोकेदुखी. कापडावरचा रिकामा रकाना शून्याचं काम करतो. शिवाय हिशेबनीस मुद्दाम टेबलाच्या मध्यावर बसे, म्हणजे त्याचा हात सगळ्यांना दिसे. अक्षरओळख नसलेल्या शेरीफलाही आपल्या नावावरची नाणी किती उचलली ते डोळ्यांनी पाहता येई. या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

वर्षाचा क्रम

परगण्यासाठी एक ठरावीक रक्कम असे, ती शेरीफनं द्यायची. ईस्टरला येऊन साधारण अर्धी रक्कम भरायची आणि पावती म्हणून टॅली, म्हणजे खाचा पाडलेली काठी, घ्यायची. मायकेलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरच्या सणानंतर, पुन्हा यायचं आणि पूर्ण हिशेब द्यायचा. त्याआधी त्याला समन्स जाई. त्यात कुणाकडून काय येणं आहे याची यादी असे.

हिशेबाला खजिनदारच सुरुवात करी. हिशेब द्यायला तयार आहात का, हा पहिला प्रश्न. हो म्हटलं की दुसरा : ठरलेली दानं, दशमांश, पगार आणि राजानं देऊन टाकलेल्या जमिनी गेल्या वर्षीप्रमाणेच आहेत का? शेरीफनं होकार दिला की लेखनिक मागच्या वर्षाची गुंडाळी समोर ठेवून ती कलमं तशीच उतरवी. या नेमणुका कायमच्या असल्यानं त्यांना दरवर्षी हुकूम लागत नसे. बाकी प्रत्येक वजावाटीला राजाचा शिक्का असलेला हुकूम हवा. किल्ल्याच्या डागडुजीला खर्च केला म्हणता? मग हुकूम दाखवा. हुकमात रक्कम लिहिलेली नसेल, तर काम डोळ्यांनी पाहिलेल्या नेमलेल्या माणसांनी शपथेवर खर्च सांगायचा. पाइप रोलमध्ये बांधकामाच्या खर्चापुढे ‘अमक्यातमक्यांच्या पाहणीनुसार’ अशी नावं येतात, ती या माणसांची.

शेरीफ बहुधा इथेच अडकायचे. पैसे खरोखर खर्च झालेले, काम उभं, पण हुकूम नाही किंवा हुकमात लिहिलंय एक आणि केलंय दुसरं. मग ती रक्कम त्याच्या नावावर बाकी पडे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुकारली जाई. अशी बाकी पाइप रोलमध्ये वर्षानुवर्षं तशीच पुढे ओढलेली दिसते. टेबलावर एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला शेरीफ, आणि भोवती बसलेले बॅरन, म्हणजे एक्स्चेकरचे वरिष्ठ अधिकारी, कुणाचं बरोबर ते ठरवणारे. फिट्झनील याला बुद्धिबळाच्या डावासारखी झुंज म्हणतो. या टेबलावर बाकी निघाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असे.

टॅली कशी कापत

एक काठी. अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर त्यांच्या टोकांत जेवढं अंतर राहतं तेवढी लांब. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा : १००० पौंडांची खाच तळहाताच्या जाडीइतकी, १०० पौंडांची अंगठ्याएवढी, २० पौंडांची करंगळीएवढी, १ पौंडाची टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगची त्याहून बारीक. पेनीसाठी लाकूड काढायचंच नाही, सुरीची नुसती रेघ. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा राहतात. एक तुकडा भरणा करणाऱ्याकडे, दुसरा कचेरीत.

वर्षअखेरीला दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून पाहायचे. भरणा करणाऱ्यानं आपल्या तुकड्यावर एखादी खाच वाढवली, तर ती कचेरीच्या तुकड्यावर नसणार. कचेरीतल्या कुणी खाच तासून बुजवायला गेलं, तर लाकूडच कमी होणार. दुसऱ्या काठीचा तुकडा आणला, तर शिरा जुळणार नाहीत. एवढी स्वस्त आणि इतकी कठीण पावती मला दुसरी माहीत नाही. इंग्लंडच्या खजिन्यात ती १८२६ पर्यंत चालली.

चांदीचा कस

रक्कम भरली म्हणजे काम झालं असं नव्हतं. नाणी झिजलेली असत, कडा कातरलेल्या असत, कधी टाकसाळीतच भेसळ झालेली असे. पेनीत चांदी शेकडा साडेब्याण्णव असायला हवी. ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीच्या हुकमावरून रॉजरनं इंग्लंडच्या टाकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडवले होते, त्याचं कारण हीच भेसळ. म्हणून काही परगण्यांची रक्कम नुसती मोजून न घेता जाळून, म्हणजे बट्टा काढून घेतली जाई.

क्रम असा. शेरीफनं आणलेली नाणी टेबलावर ओतून हातानं नीट कालवायची, म्हणजे बरीवाईट सारखी पसरतात. त्या ढिगातून ४४ शिलिंग मोजून पिशवीत भरायचे आणि पिशवीवर शेरीफची खूण घ्यायची. पिशवी वर बॅरनांसमोर न्यायची आणि तिच्यातले २० शिलिंग, म्हणजे २४० पेनी, मोजून चाचणीला द्यायचे. पहिल्या चाचणीवर वाद झाला, तर दुसरीसाठी नाणी पिशवीत उरलेलीच असत.

भट्टीवाला ही नाणी शिशासह राखेच्या मुशीत तापवी. शिसं हवेनं जळतं, त्याची राख होताना ते तांबं वगैरे हलक्या प्रतीचे धातू सोबत ओढून घेतं आणि मुशीची राख ते सगळं पिते. तळाशी चांदीची गोळी उरते. ती तराजूत घालायची, समोर पौंडाचं वजन. कमी पडली की तिच्या पारड्यात शेरीफच्याच पिशवीतली एकेक पेनी टाकत जायची, पारडी समान होईपर्यंत. जितक्या पेनी पडल्या तितकी पौंडामागे तूट. कसला गुणाकार-भागाकार नाही, जमलेल्यांसमोर मोजायची. १२ पेनी पडल्या, तर १०० पौंडांवर १२०० पेनी, म्हणजे ५ पौंड बट्टा. परगण्याचं नाव आणि तूट त्या गोळीवरच लिहून ठेवत.

चुका दोन जागी होतात. एक, नमुना. हुपरीच्या चांदी कारागिरांना हे सांगायला नको : आलेला माल एकजीव न करता एखादाच तुकडा उचलून टंच काढला, तर तो त्या तुकड्याचा टंच, मालाचा नव्हे. तिथे माल आटवून सारखा करता येतो. एक्स्चेकरला शेकडो पौंडांची नाणी आटवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ढीग कालवण्यावर एवढा भर. दुसरी चूक आचेची. आच कमी पडली तर शिसं पूर्ण निघत नाही, गोळी जड भरते आणि राजाचा तोटा होतो. आच जास्त झाली तर थोडी चांदीही राखेत मुरते किंवा उडते आणि शेरीफचा तोटा. म्हणून शेरीफला हरकत घेऊन चाचणी पुन्हा मागता येत असे, आणि ती द्यायची की नाही हे बॅरन ठरवत. म्हणजे भट्टीसुद्धा निवाड्याच्या कक्षेतच होती.

खजिनदारावर कुणाची नजर?

पाइप रोल खजिनदार सांगे आणि त्याचा लेखनिक लिही. राजाचा शिक्का सांभाळणाऱ्या चॅन्सलरचा लेखनिक त्याची दुसरी प्रत करी. तिसरी प्रत थॉमस ब्राउनचा लेखनिक तयार करी. हा थॉमस आधी सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारात होता आणि दुसऱ्या हेन्रीनं त्याला परत बोलावलं होतं. पण सांगणाराच चुकला, तर तिन्ही प्रती सारख्याच चुकणार. म्हणून रिचर्डशेजारी आणखी एक रिचर्ड बसे, इल्चेस्टरचा, पुढे विंचेस्टरचा बिशप. लक्ष ठेवणं हेच त्याचं काम. चॅन्सलरच्या लेखनिकालाही खजिनदाराची चूक नम्रपणे दाखवण्याचा अधिकार होता, आणि खजिनदार हट्टाला पेटला तर बॅरन निकाल देत. स्वतःला तपासलं जावं याचे नियम फिट्झनील स्वतःच्या हातानं, कुठेही आढेवेढे न घेता लिहितो. त्याच्याबद्दलचा माझा आदर इथे सर्वांत वाढतो.

गुंडाळ्या मेंढीच्या कातड्याच्या, कारण तिच्यावर खरवडलं की खूण राहते. लिहिण्यात चूक झाली तर खरवडायचं नाही. चुकीच्या शब्दाखाली बारीक रेघ ओढायची आणि बरोबर मजकूर पुढे लिहायचा, म्हणजे आधी काय होतं तेही दिसत राहतं.

फिरता न्यायाधीश

११७९ मध्ये विंडसरच्या सभेत न्यायदानासाठी देशाचे चार भाग पाडले, आणि विंचेस्टरच्या बिशपबरोबरच्या न्यायाधीशांत रिचर्डचं नाव आहे. हिशेबाच्या टेबलावर शेजारी बसणारी ही दोघं आता एकत्र खटले ऐकत होती. जमिनीवरून हुसकावून लावल्याच्या तक्रारी, बापाच्या जमिनीवरचा वारसाचा हक्क, खून आणि दरोड्यांची गाऱ्हाणी. गावच्या जाणत्या माणसांना शपथ घालून विचारायचं आणि निकाल द्यायचा. दंड ठरले की त्यांची यादी खजिन्यात जाई, तिथून समन्समध्ये, समन्सवरून शेरीफकडे आणि अखेर काळ्या कापडावर. यादी खजिनदाराच्या हाती पडली की न्यायाधीशांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं तरी तिच्यातलं अक्षर बदलता येत नसे.

दंड ठोठावणारा आणि वसूल करणारा एकच, हे आज खटकतं आणि खटकायलाच हवं. पण राजा बहुतेक काळ समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये असायचा. अशा वेळी थोडेच विश्वासू लोक दोन्ही कामं सांभाळत. त्यांच्यावरचा लगाम म्हणजे वर सांगितलेल्या नोंदी, तिहेरी प्रती आणि शेजारी बसलेला माणूस. वेस्टमिन्स्टरला झालेल्या जमिनीच्या तडजोडींच्या दस्तांतही न्यायाधीश म्हणून रिचर्डचं नाव पुढे वारंवार येतं.

कुठे विश्वास ठेवू नये

फिट्झनील आपल्या काळची रीत सांगतो तेव्हा तो भरवशाचा आहे. पाइप रोलशी ताडून पाहिलं तर त्याचं म्हणणं जुळतं. जुना इतिहास सांगताना मात्र जपून. नाणी जाळून कस पाहण्याची पद्धत आपल्या घराण्यातल्या रॉजरनं आणली असं तो सांगतो. पण १०८६ च्या डूम्सडे या देशभरच्या जमिनींच्या पाहणीतच जाळून आणि तोलून घेतलेल्या रकमांचा उल्लेख आहे, म्हणजे ती पद्धत रॉजरच्या आधीची. घरात ऐकलेल्या गोष्टी त्यानं खऱ्या धरल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं दोन्ही भाग वेगळे वाचावेत.

शेवटची वर्षं

११८९ मध्ये पहिला रिचर्ड राजा झाला. त्यानं सप्टेंबरात फिट्झनीलला लंडनच्या बिशपपदासाठी निवडलं आणि ३१ डिसेंबरला दीक्षा झाली. पण खजिनदारी सुटली नाही. धर्मयुद्धावरून परतताना राजा जर्मनीत कैद झाला आणि सुटकेसाठी १,५०,००० मार्क मागण्यात आले. मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेनी, म्हणजे एकूण १ लाख पौंड. प्रत्येकाच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा, चर्चमधली चांदीची भांडी, सिस्टर्शियन मठांची लोकर, सगळं गोळा होऊ लागलं. पैसा लंडनच्या सेंट पॉलमध्ये ठेवला गेला आणि तो सांभाळण्यासाठी नेमलेल्यांत बिशप रिचर्ड होता. एवढ्या वर्षांच्या कामाला शोभेल अशीच ही जबाबदारी.

११९६ च्या सुमारास त्यानं खजिनदारी सोडली आणि ती त्याच्याच नात्यातल्या ईलीच्या विल्यमकडे गेली. १० सप्टेंबर ११९८ रोजी तो वारला. ‘संवाद’ पहिल्यांदा छापला तो १७११ मध्ये, टॉमस मॅडॉक्सनं आपल्या एक्स्चेकरच्या इतिहासाला जोडून.

वाचायचं ठरवलं, तर ग्रंथाचा दुसरा भाग आधी घ्या. पहिल्यात माणसं, त्यांच्या जागा, त्यांचे पगार आहेत. दुसऱ्यात प्रत्यक्ष हिशेब चालतो. सोबत दुसऱ्या हेन्रीच्या काळातला एखादा छापील पाइप रोल ठेवा. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या पाइप रोल सोसायटीनं ते काढलेले आहेत. परगण्याच्या कलमात आधी शेरीफचं नाव, मग खजिन्यात भरलेली रक्कम, मग दानं, पगार, दिलेल्या जमिनी, हुकमानं झालेले खर्च, आणि शेवटी एकतर ‘देणं आहे’ नाहीतर ‘मोकळा झाला’. मोडीतला जमाखर्च वाचायची सवय असेल, तर दोन-चार परगण्यांनंतर लॅटिनची भीती उरत नाही.